दोन्ही हात सोडून

२ फेब्रुवारी

मिस्त्री आज भर दुपारी घरी आले. एका हातात हत्यारांची पेटी आणि काखेत बसायचं जुनं स्टूल. वाद्यांच्या शोरूमच्या मागच्या खोलीत वीस वर्षं ज्या स्टुलावर बसून ह्या माणसाने बास गिटारी घडवल्या, ते स्टूल घरी आलं म्हणजे काय झालं असणार हे मला दारातच कळलं. तरी विचारलं, "काय हो, सुट्टी?"

"कायमची," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

चहाचे दोन कप झाल्यावर हळूहळू बाहेर आलं. मालक एका गिऱ्हाइकाला ह्यांनीच केलेली बास दाखवत होते. गिऱ्हाईक म्हणालं, काम फार सुरेख आहे, कुणी केलं? मालक म्हणाले, "बाहेरून येते. इथे कोण करणार असं काम!" आणि मिस्त्री पाठीमागे दारात उभे, हातात पॉलिशचं फडकं. बासवर शोरूमचं नाव असायचं, ते वीस वर्षं चालवून घेतलं. पण हा घास काही गिळवला नाही.

मी म्हटलं, बरं केलंत. म्हटलं खरं, पण मनात हिशेब सुरू झाला. मी ज्या बुटांच्या दुकानात काउंटरवर होते ते बंद होऊन तीन महिने झालेत. ही डायरीसुद्धा तिथलीच, पॉलिशच्या कंपनीने फुकट वाटलेली. आता घरात दोन माणसं, दोघंही घरीच. आणि मिस्त्री म्हणतात, आता आपल्या नावाने करायची आणि वाजवणाऱ्याला थेट विकायची, मध्ये कुणी नको.

(नवऱ्याचं मिस्त्री हे नाव फक्त इथे. तोंडावर आपलं "अहो".)

११ फेब्रुवारी

लेकीने परगावी बसून इंटरनेटवर आपलं पान बनवून दिलं. वर लिहिलंय: "करणाऱ्याच्या हातातून थेट वाजवणाऱ्याच्या हातात. तुमच्या मापाची, तुमच्या पसंतीची." फोटो इतके छान आलेत की मिस्त्रींनी स्वतःचाच हात ओळखला नाही.

आज दोन फोन आले. पहिला म्हणाला, "एवढी महाग? कारखान्यातली निम्म्यात येते." दुसरा म्हणाला, "शोरूमपेक्षा एवढी स्वस्त? मग खोट काय आहे ते सांगा." मिस्त्रींनी पहिल्याला सांगितलं, मग कारखान्यातलीच घ्या. दुसऱ्याला सांगितलं, खोट तुमच्या डोक्यात आहे. त्यानंतर मी फोन काढून घेतला. आता फोन माझ्याकडे. गिऱ्हाइकाशी बोलणं एवढं एकच काम मला येतं. निदान घरात काहीतरी उपयोग.

२३ फेब्रुवारी

पहिली ऑर्डर! आणि ऑर्डर देणारी बाई आहे.

पस्तिशीची असेल. मोठ्या बँडमध्ये बास वाजवायची. जाड तारांची ती जड गिटार डाव्या खांद्यावर लटकवून वर्षानुवर्षं वाजवली, आणि खांद्याने एक दिवस हात टेकले. ऑपरेशन झालं. वर्षभर घरी. आता मे महिन्यात मैदानावर तिच्या बँडचा मोठा कार्यक्रम आहे. तिची जागा तिला हवी आहे, पण बँडने एक दुसरा वाजवणारा तयार ठेवलाय. सगळं सांगताना हसत होती, पण उजवा हात सारखा डाव्या खांद्यावर जात होता. मी तिचं नाव खांदेवाली ठेवलं. मनात.

"तुमची बास महाग की स्वस्त ते मला कळत नाही," ती मिस्त्रींना म्हणाली. "ते माझा खांदा ठरवेल."

मिस्त्री नेकची, म्हणजे बासच्या मानेची, जाडी विचारायला लागले, तारांमधलं अंतर, लाकूड, आवाज कसा हवा, गोल की करकरीत. मी चहा ठेवताना सहज विचारलं, "उभ्याने वाजवता की बसून?"

"उभ्याने. दोन-अडीच तास."

"आणि पायात काय घालता?"

"बूट. उंच टाचेचे. का हो?"

"टाच उंच असली की कंबर पुढे येते, खांदे मागे जातात. पायातलं बदललं की सगळं अंग बदलतं." हे मी दुकानात रोज शंभरदा बोलायचे, तोंडातून निघून गेलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरांनीसुद्धा नाही विचारलं हे मला."

ती गेल्यावर मिस्त्री माझ्यावर उखडले. "माणूस गिटार करून घ्यायला आलंय आणि तू चपलांच्या चौकशा करतेस? काय म्हणेल ती?" खरंच आहे. पुढच्या वेळी चहा ठेवून आत यायचं.

१७ मार्च

बॉडी एका हलक्या पिवळसर लाकडाची. इतकी हलकी की मी एका हाताने उचलली, तर मिस्त्री लहान मुलासारखे हसले. "बघ, खांद्याला कळणारसुद्धा नाही."

पण सध्या खरं प्रेम चाललंय ते डोक्यावर. बासची लांब मान असते, तिच्या टोकाला तारा ताणायच्या चाव्या असतात, त्या भागाला मिस्त्री हेड म्हणतात आणि मी डोकं म्हणते. नाव असतं ते ह्या डोक्यावरच. वीस वर्षं दुसऱ्याचं लिहिलं, आता स्वतःचं. रंगाने नाही लिहायचं म्हणे. जाड पितळी पत्र्यातून एकेक अक्षर करवतीने कापलं, कानशीने घासलं, लाकडात बसवलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आडनाव मावेना, तर डोकंच रुंद केलं. मी म्हटलं, पत्ता आणि पिनकोड राहिला. हसले नाहीत.

संध्याकाळी मात्र स्वतःच खिडकीपाशी नेऊन दाखवलं. उजेडात ती अक्षरं चमकली तेव्हा मी ती एकेक करून वाचली. ह्या माणसाचं नाव मी आजवर फक्त विजेच्या बिलावर वाचलं होतं.

५ एप्रिल

झाली! आज तारा चढल्या. मिस्त्री स्टुलावर बसले, बास मांडीवर घेतली, ॲम्प्लिफायर लावला आणि सगळ्यात जाड तार छेडली. स्वयंपाकघरात माझ्या तळपायांना कळलं. कपाटातल्या बशा खणखणल्या. बास गाण्यात ऐकू येत नाही म्हणणाऱ्यांना आमच्या घरी आणून बसवायला पाहिजे.

कितीतरी वेळ वाजवत होते. एकही सूर अडखळला नाही, कुठे खरखर नाही. "वीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम," म्हणाले. स्वतःच्या कामाला हा माणूस फार तर "ठीक" म्हणतो.

आता लाकडाला तारांच्या ताणाची सवय व्हायला थोडे दिवस बास घरात राहू द्यायची. मिस्त्री उद्या खोकं आणायला बाहेरगावी जाणार. मला बजावलंय, हात लावू नकोस.

७ एप्रिल

हात लावला.

काय करू? दारामागे टांगलेली, येता-जाता दिसते. खांदेवाली साधारण माझ्याच उंचीची. म्हटलं बघू तरी घालून कशी दिसते ते. पट्टा डाव्या खांद्यावर घेतला, आरशासमोर उभी राहिले. पन्नाशीची बाई आणि गळ्यात बास! खूप हसले. लेकीला फोटो पाठवला, तिने उत्तरात नुसतं "आई!!!" लिहिलं.

मग तशीच भाजी चिरायला गेले. दोन्ही हात कामात घातले तर बासची मान आपली खाली खाली जायला लागली. डोकं थेट ओट्यावर टेकलं. पितळेला चरा पडला असता तर माझं काही खरं नव्हतं. डाव्या हाताने उचलून सरळ केली, हात सोडला की परत खाली.

आपल्याला कुठे वाजवता येतं? वाजवणाऱ्यांना बरोबर धरता येत असणार.

८ एप्रिल

आज परत घातली. पट्टा लांब करून पाहिला, आखूड करून पाहिला. उंच टाचेचे बूट घालून पाहिले. काही केलं तरी मान खालीच. माझे खांदे उतरते आहेत, शिवणकाम करणाऱ्या मावशी नेहमी म्हणायच्या, त्यामुळे असेल. डाव्या हाताने सारखी वर धरून ठेवली तर थोड्याच वेळात माझाच खांदा भरून आला.

मिस्त्री उद्या येतील. त्यांना सांगायचं म्हणजे आधी हात लावल्याचं सांगायला हवं. जाऊ दे. खांदेवाली रोजची वाजवणारी आहे, तिला सवय असेल.

१० एप्रिल

आज घरात महाभारत झालं.

कालपासून माझ्या डोक्यात आमच्या दुकानाचे मालक येत होते, बुटांच्या दुकानाचे. ते नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायचे: "पाय कधी चुकत नाही, चुकतो तो बूट. आणि गिऱ्हाइकाला बसलेलं असताना बूट विकायचा नाही. उभं करा, चालवा, मग विचारा." सकाळी चहा गाळताना एकदम लक्षात आलं, मी दोन दिवस पायालाच दोष देत बसले होते. आणि तो खांदा तर ऑपरेशन झालेला! माझा भरून आला तर तिचं काय होईल?

सांगून टाकलं. आधी हात लावल्याचं, मग बाकीचं.

"तुला घालता आली नसेल," मिस्त्री म्हणाले.

"अहो, घालायची म्हणजे काय, पट्टा खांद्यावर टाकायचा. त्यात काय शास्त्र आहे?"

"वीस वर्षांत एकाने तक्रार केली नाही माझ्या कामाची!"

"केली असेल की. शोरूममध्ये केली असेल. ती तुमच्यापर्यंत आणणार कोण? बाहेरून येते म्हणून सांगितल्यावर तक्रारसुद्धा बाहेरच जाणार ना!"

हे मी बोलायला नको होतं. ते उठले. मग दारामागची बास काढली, पट्टा खांद्यावर टाकला आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाला बास घेऊन उभं राहिलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. नेहमी स्टुलावर, नेहमी मांडीवर.

"सोडा आता हात," मी म्हटलं. "दोन्ही."

त्यांनी दोन्ही हात सोडले. बॉडी हलकी, वर उचलली गेली आणि ते रुंद, पितळेने मढवलेलं डोकं सावकाश खाली गेलं, पार गुडघ्यापर्यंत. मिस्त्री त्याच्याकडे बघत तसेच उभे राहिले. मला माझं बोलणं परत गिळावंसं वाटलं.

जेवले नाहीत.

११ एप्रिल

अबोला.

चाव्या बदलल्या, कुठूनशा हलक्या आणल्या. पट्टा अडकवायचा खिळा बॉडीच्या पुढच्या, शिंगासारख्या भागावर जितका टोकाला नेता येईल तितका नेला. दर वेळी उभे राहतात, हात सोडतात, बघतात. आधीपेक्षा सावकाश जाते, पण खालीच जाते.

मी एकदा म्हटलं, पट्टा खरखरीत कातड्याचा दिला तर? कपड्याला धरून राहील. त्यावर पहिल्यांदा बोलले. "म्हणजे बास स्वतःला नाही पेलणार, पट्टा पेलणार. आणि पट्ट्याला तिचा खांदा."

रागावलेत माझ्यावर. साहजिक आहे.

१२ एप्रिल



सकाळी मिस्त्रींनी मला हाक मारली. बास टेबलावर, मान शिकंज्यात आवळलेली, हातात बारीक दातांची करवत. म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड झालाय."

मला आधी कळलं नाही. मग कळलं आणि मी त्यांचा हात धरला. "नाव नका कापू हो. दुसरं काहीतरी करा. नवी मान करा."

"नवी मान करायची, लाकूड मुरायचं, तर मे महिना उलटून जाईल. आणि नव्या मानेवरसुद्धा हे नाव ठेवलं तर हेच होणार. तिने माझं नाव नाही मागितलं. तिने खांदा जपायला सांगितला होता."

"निदान अक्षरं काढून घ्या, डोकं राहू द्या."

"डोकं रुंद केलं ते अक्षरांसाठीच ना?"

मग कापलं. चाव्यांना लागेल तेवढंच लाकूड ठेवलं, बाकी सगळं, पितळेच्या अक्षरांसकट, टेबलाखाली पडलं. मला रडू आलं, मी लपवलं नाही. ते रडले नाहीत, पण कापलेली कड घासायला लागले ते दुपार झाली तरी घासतच होते. तो तुकडा मी उचलला, फडक्याने पुसला आणि चहाच्या डब्यामागे ठेवून दिला. टाकवेना.

पॉलिश लागल्यावर संध्याकाळी मला म्हणाले, "घाल." मीच का? तेही उभे राहू शकले असते. पण भांडण नको म्हणून घातली. "टाचेचे बूट घाल." घातले. "चाल. वाक. भाजी चिर." सगळं केलं. दोन्ही हात सोडले.

राहिली! मान जराशी वर, जिथे हवी तिथे, जशी कुणा अदृश्य माणसाने धरली आहे. मी टाळ्या वाजवायला लागले, तरी राहिली. मिस्त्री भिंतीला टेकून उभे होते. मला म्हणाले, "परत एकदा." मग परत एकदा. असं किती वेळा करायला लावलं! अजून विश्वास बसत नव्हता बिचाऱ्यांचा.

१८ एप्रिल

खांदेवाली येऊन बास घेऊन गेली. मी फोनवर सांगितलं होतं, येताना स्टेजवरचे बूट आणा, तर खरंच पिशवीत घालून आली. या वेळी मिस्त्री उखडले नाहीत.

तिने बास हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली. "नाव कुठाय? तुम्ही मार्चमध्ये पाठवलेल्या फोटोत पितळेचं होतं ना?"

"जड होतं," मिस्त्री म्हणाले. एवढंच.

ती कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग बूट घातले, पट्टा घातला, उभी राहिली. डावा हात मानेवर गेला तो असा, जसा दुखऱ्या दाताकडे जीभ जाते. मी म्हटलं, "हात सोडून बघा." ती हसली, "नको, सवय आहे मला धरून ठेवायची." मी म्हटलं, "आमच्याकडे गिऱ्हाइकाला चालवल्याशिवाय सोडत नाही."

मग तिने सोडला. आधी एक, मग दुसरा. खाली मान घालून बासकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे, की बासची मान आपण धरून ठेवायची नसते. तिला वाटायचं सगळ्यांच्याच बास अशा असतात आणि आपलाच खांदा नाजूक.

वाजवली तेव्हा समोरच्या घरातले लोक खिडकीत आले. तक्रार करायला आले असतील असं वाटलं, पण उभे राहून ऐकत होते.

२२ एप्रिल

मिस्त्रींनी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीत एक भलामोठा हुक ठोकला. मला न विचारता. बरोब्बर माझ्या खांद्याच्या उंचीवर, येता-जाता लागेल असा. प्लास्टर पडलं ते वेगळंच. कशाला म्हणून विचारलं तर म्हणे, "पुढच्या बास इथे राहतील आधी." त्यांच्या कामाच्या खोलीत जागा कमी पडतेय तर तिथे आवरायचं, माझं स्वयंपाकघर कशाला!

आज एक फोन त्यांनी उचलला. मी आतून ऐकत होते. "उभ्याने वाजवता की बसून? आणि पायात काय घालता?" मला टोमणा होता तो, कळलं मला. मी भांडी जोरात आपटली.

२८ एप्रिल

शोरूमचे मालक स्वतः घरी आले. गोड बोलत होते. जागा अजून रिकामी ठेवली आहे म्हणे, पण आता फार दिवस थांबता येणार नाही, दहा मेनंतर दुसरा माणूस घेणार. मग नजर फिरवून म्हणाले, "ऐकलं की पहिली बास बिननावाची गेली? अहो, नाव नसलेली वस्तू म्हणजे बेवारस. कुणाला कळणार कुणी केली? आमच्या नावाने निदान विकली तरी जायची."

मिस्त्री म्हणाले, कार्यक्रमानंतर सांगतो.

मालक गेल्यावर मी आशेने विचारलं, "नाहीच म्हणणार ना?" तर म्हणाले, "तिने अडीच तास काढले तर नाही. तिचा खांदा मध्येच गेला तर मी कोणत्या तोंडाने दुसऱ्याला विकू?" आणि स्टुलावर जाऊन बसले. फोन चार दिवस वाजला नव्हता. मला मालकांचा राग आला, पण खरं सांगायचं तर भीतीही वाटली. नाव कापलं ते चुकलं तर नाही ना? ते कापा म्हणणारी मी नव्हते, पण विषय काढणारी मीच होते.

११ मे

काल कार्यक्रम झाला. काल घरी येऊन लिहिण्याइतकं त्राण नव्हतं, म्हणून आज सकाळी लिहितेय. हातात चहा आहे आणि गालात हसू आहे, ते काही केल्या जात नाही.

मैदान माणसांनी फुललेलं. खांदेवालीने आम्हाला पुढच्या खुर्च्या दिल्या होत्या. मी पर्समध्ये तो पितळेचा तुकडा नेला होता, का ते विचारू नका. स्टेजच्या कडेला तो दुसरा वाजवणारा स्वतःची बास घेऊन तयार उभा. ती आली, बूट तेच, खांद्यावर आपली बास. लांबून तिचं आखूड डोकं जरा बोडकं दिसत होतं.

पहिली काही गाणी मी ऐकलीच नाहीत. तिच्या डाव्या खांद्याकडे बघत होते. मिस्त्रींनी माझा हात धरला होता तो इतका घट्ट की बांगडी रुतली. एक तास झाला. ती हलत होती, फिरत होती, वाकत होती. पुढे कधीतरी तो दुसरा वाजवणारा आपली बास पिशवीत घालून शांतपणे खाली उतरला आणि प्रेक्षकांत येऊन बसला. तेव्हा कुठे मी नीट श्वास घेतला.

आणि शेवटचं गाणं. मध्येच सगळी वाद्यं थांबली, एकटा ड्रम राहिला. गाणाऱ्याने हात वर करून लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. सगळं मैदान टाळ्या वाजवतंय, आणि खांदेवालीने स्टेजच्या अगदी पुढे येऊन दोन्ही हात सोडले. डोक्याच्या वर नेले आणि ती टाळ्या वाजवायला लागली. डावा खांदा पूर्ण वर! आणि बास तिच्या पोटाशी, मान ताठ, तसूभर हलली नाही.

मिस्त्री उठून उभे राहिले. पुढच्या रांगेत, एकटेच. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, खाली बसा!" बसले नाहीत. मग मीही उभी राहिले. मग ओरडणाराही उभा राहिला, आणि बघता बघता सगळेच. मिस्त्रींचे गाल ओले होते आणि त्यांना ते पुसायचं सुचत नव्हतं, कारण दोन्ही हात टाळ्या वाजवत होते.

नंतर गाणाऱ्याने माईकवर तिला विचारलं, वर्षभराने आलीस, कसं वाटतंय? ती म्हणाली, "ही बास कुठल्या कंपनीची म्हणून आत मला सगळ्यांनी विचारलं. हिच्यावर नाव नाही, कारण माझ्या खांद्यासाठी करणाऱ्यांनी स्वतःचं नाव कापून टाकलं. ते दोघं समोर उभे आहेत." आणि आमच्याकडे हात केला. दोघं म्हणाली. गोंधळात चुकून म्हणाली असेल, मी तर फक्त फोन घेते. पण मिस्त्रींनी काही दुरुस्ती केली नाही, नुसती मान डोलावली. निघताना पाचसहा वाजवणारे मागे लागले, त्या दुसऱ्यासकट. तो म्हणाला, "माझीही मान खाली जाते. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतं."

आज सकाळी मिस्त्रींनी स्वतः शोरूमला फोन लावला. मी कान देऊन ऐकत होते. "नाही येत मालक," म्हणाले. "नव्या माणसाला बसायला लागेल, म्हणून माझं स्टूल पाठवतो. मला आता नको."

फोन ठेवला आणि खिशातून खडू काढला. मी तो पितळेचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, पुढच्या बासवर नावाचं काय करणार?

"मागच्या बाजूला, लाकडात कोरायचं. कोरलं की वजन वाढत नाही, कमीच होतं." टेबलावर पडलेल्या नव्या फळीवर खडूने दोन रेघा ओढल्या. "दोन नावं बसतील."

"दोन? दुसरं कुणाचं?"

मिस्त्रींनी खडू खाली ठेवला. मग हुकावरचा पट्टा काढला, माझ्या डाव्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "तू आधी उभी राहा. माप घेऊ दे."

मी चहा खाली ठेवला आणि उभी राहिले.